उटाळनीला वास येऊ द्यायचा न्हाई

आल्याचा वास आला की लोकांस्नी च्या आठवतो. मला आमच्या घराकडचं वळन आठवतंय, आन् अजून बी भ्या वाटतंय.

आदी उटाळनी म्हंजी काय त्ये सांगते, न्हाईतर ह्यात भ्यायासारखं काय हाय त्ये तुमास्नी कळायचं न्हाई. आलं उन्हाळ्याच्या शेवटाला लावत्यात, उंच गादीवाफ्यावर. श्रावनापातुर पावसानं ती गादी बसती. वरनं हिरवंगार दिसतंय, पन माती अशी घट्ट व्हती की बोट आत जात न्हाई. खाली गड्डा धरत असतोय. त्येला वारं मिळंना झालं की त्यो गुदमारतो, आन् गुदमारला की कुजतो. म्हनून बायका सरीत बसत्यात. लांब दांड्याचं खुरपं बुडक्यापासनं वाईच लांब, तिरपं खुपसत्यात, माती नुसती उचलत्यात आन् तशीच खाली सोडत्यात. तव्यावर भाकरी फुगली का न्हाई बगाया आपन कड उचलतो, तसं. कड उचलायची, भाकरी परतायची न्हाई. त्येनं जुन्या मुळ्या तुटत्यात, नव्या फुटत्यात, वारं आत शिरतं. ही उटाळनी.

ह्यात चूक झाली का न्हाई ह्ये डोळ्यानं कळत न्हाई, नाकानं कळतं. काम नीट चाललं आसंल तर रानात नुसता मातीचा वास. आल्याचा वास सुटला की समजायचं, खुरपं गड्ड्याला लागलं. त्या जखमंतनं पानी शिरतं. एक गड्डा सडला की त्यो शेजारच्याला घिऊन जातो, शेजारचा त्येच्या शेजारच्याला. म्हनून उटाळनीला वास येऊ द्यायचा न्हाई. टोळीतली एखादी बाई लय भराभरा पळाय लागली की मुकादमीन म्हनती, "बाई, च्या पाजतीस का काय आमाला?"

माजा हात मातूर आल्यावर बसल्याला न्हाई, हळदीवर बसल्याला हाय. माजं म्हायेर सांगलीकडं, नदीकाठाला. पोरवयात मी आईबरं एका जैन अक्कांच्या मळ्यात जायची. अक्का स्वता जमिनीखालचं कांदामूळ तोंडात घालत न्हवत्या, पन हळदीचं रान त्येंचंच. बांधावर हुब्या ऱ्हायाच्या आन् एकच सांगायच्या, "हलवा गं, उलथू नका. खालचा जीव वर आला की ऊन लागून मरतोय." गांडूळ उघडं पडल्यालं दिसलं की हातानं माती वडून झाकाय लावायच्या. आमी बायका मागं हसायचो. माजी आई म्हनायची, "गांडुळाला ऊन लागतंय त्ये अक्कास्नी दिसतंय. आमच्या टाळूला लागतंय त्ये न्हाई दिसत." पन हाताला जे वळान पडलं त्ये पडलं. दुसरीतनं शाळा सुटली माजी, ह्ये मातूर सुटलं न्हाई.

लगीन हून मी हिकडं आले, रहिमतपूरच्या अंगाला. मालक गेलं तवा ल्योक रांगत व्हता. धाकल्या दिरानं समदं रान बघितलं, त्येंचं आन् माजं. खोटं कशाला बोलू, दोन येळचं कवा कमी पडू दिलं न्हाई. ल्योक शिकला, मिल्ट्रीत गेला, त्येचं लगीन बी दिरानंच करून दिलं. पन रानात काय लावायचं त्ये मला कवा इचारलं न्हाई. इतकी वरसं उसाच्या बांधावर मी फकस्त डबा घिऊन गेले.

घरामागं आमचं परडं हाय. परडं म्हंजी चांगला मोठा तुकडा, हिरीच्या पान्याखालचा. पैल्यांदी तिथं भाजी, मिरची, शेवगा आसायचा, मागनं भाऊजींनी तिथं बी ऊस घातला. पार घराच्या भितीला पाती घासायची. सून आली ती धा यत्ता शिकल्याली, आन् गप बसनारी न्हवं. ल्योक सुट्टीवर आल्याला तवा सगळी जेवाय बसली व्हती. तिनं वाढता वाढता इषय काढला. म्हनली, "मामा, परड्यातला तुकडा आमाला दोघीस्नी द्या. आमी आलं करतो."

भाऊजी जेवत ऱ्हायले. मंग म्हनाले, "सुनबाई, आलं म्हंजी काय कुंडीतली तुळस हाय व्हय?"

"तुळस बी मीच जगवलीया, मामा. ती आत्या आदी पान्यात बुडवत व्हत्या."

ल्योक हसला, म्हनून भाऊजी बी हसले. पन त्येंनी त्ये इसरलं न्हाई. हात धुताना म्हनाले, "एक वरीस घ्या. दसऱ्याला आलं हुबं आसलं तर त्यो तुकडा तुमचा, मी परत त्यात पाय घालनार न्हाई. बसलं, तर फुडच्या हंगामाला तिथं ऊस. मंग परत ह्यो इषय न्हाई."

झालं, एवढंच. तुमाला वाटंल परड्याचा तुकडा त्यो काय आन् त्येचं एवढं काय. माज्या आख्ख्या जलमात मी जे लावीन म्हनले आन् लावलं, आसं त्ये पैलंच व्हतं.

बेनं लावलं, उगवान चांगली झाली. मंग पावसानं जो धरला त्यो सोडंना. श्रावन लागला. गादीवर हिरवं शेवाळ चढलं. रोज सकाळी मी एका वाफ्यात बोट घालून बगायची. पैल्यांदी दोन पेरं जायाचं, मंग एक, मंग नखाच्या वर जाईना. उटाळनीची येळ हून चालली व्हती. येळंत न्हाई झाली तर गड्डा मोठा हून मुळ्यास्नी येटाळतो, मंग कुटं बी खुरपं घाला, कापतंयच. टोळीला सांगून ठिवलं व्हतं, पन पावसानं काम निघंना, तर त्या बायका पाचगणीकडं स्ट्रॉबेरीच्या रोपांवर मुक्कामाला गेल्या. त्येंचं बी पोट हाय. सून म्हनली, "आत्या, आपन दोघीच काढू. वाईच उघडीप पडू दे."

आन् उघडीप नेमकी कवा पडावी? माज्या डोळ्याची तारीख व्हती तवा. दोनी डोळ्यात सारा, म्हंजी मोतीबिंदू, आल्याला. मानूस वळकाय यायचं, पन पान हिरवं का पिवळं ह्ये मला सांगता यीना झालं व्हतं. सांगलीत विश्रामबागला एका दवाखान्यात दाखवायचं ठरल्यालं, आन् ल्योकानं तिकडनं फोनवर फोन करून ती तारीख घेतल्याली. सकाळी दार उघडलं तर ऊन. मी सुनंला म्हनले, "ऱ्हाऊ दे डोळं. खुरपं घे."

ती म्हनली, "आवं, आजचं हुकलं तर परत कवा बोलावतील. एका दिसानं काय हुतंय? उद्या पाटंपासनं बसू."

गेलो. रेल्वेनं जाताना मी खिडकीतनं आभाळाकडं बगत व्हते, दिसत काय न्हवतं, पन तोंडाला ऊन लागतंय का त्ये बगत व्हते. दवाखान्यात डोळ्यात थेंब घातलं, बसवून ठिवलं, परत घातलं. डाक्तर म्हनाले, दिवाळीनंतर आपरीशन. परत येस्तवर दिस कलला. फाट्यावर वडापाच्या जीपातनं उतरलो आन् चालाय लागलो. घराकडच्या वळनावर यायच्या आदीच मी थांबले.

आल्याचा वास सुटला व्हता.

थोडा न्हवं. लगीनघरात वाटन वाटावं तसा. सून फुडं चालली व्हती, ती बी थांबली. तिनं चप्पल हातात घेतली आन् पळाली. मी मागनं भितीला धरून धरून गेले. डोळ्यातलं थेंब उतरलं न्हवतं, मला समदं पांढरं दिसत व्हतं. परड्याच्या तोंडाला गेले आन् पायाखाली माती मऊ लागली, पार घोट्यापातुर. खाली बसून हात घातला तर हातात कापल्यालं आलं आलं. कवळं, पान्यानं भरल्यालं. एका अंगानं गुळगुळीत, सुरीनं कापावं तसं.

भाऊजी शेडात पावर टिलर फडक्यानं पुसत व्हते. नवाच घेतल्याला. आमाला बगून खुशीत म्हनाले, "झालं बगा वयनी तुमचं काम. म्हनलं उघडीप हाय, तुमी गावाला गेल्यासा, सावड करून टाकावी. एका अंगाचं वाफं झालं, मंग पट्टा तुटला त्येचा. उरल्यालं उद्या सकाळी काढतो."

सावड तुमाला ठावं आसंल. आमच्याकडं भावकीतलं काम आडलं, घरधनी गावात नसला, तर न इचारता जाऊन करायचं आसतं. इचारत बसायचं न्हाई, त्येला उपकार बी म्हनायचं न्हाई. आन् कुनी केल्याली सावड मोडायची न्हाई. त्यो त्येच्या तोंडावर दार लावल्यासारखा अपमान. म्हनून भाऊजींनी त्ये मुद्दाम केलं का भलं कराय गेले, त्ये मला तवा कळलं न्हाई. अजून बी कळल्यालं न्हाई. उसाला त्यो टिलर चालतोय. उसाची मुळी कापली तरी ऊस उठतोय. जलमभर उसात ऱ्हायल्याला मानूस, त्येला वाटनार माती भुसभुशीत केली म्हंजी झालं.

सून बोलाय तोंड उघडनार, तेवढ्यात मी म्हनले, "भाऊजी, हात धुवा. च्या घ्या."

घरात येऊन मी तिच्या हातात त्यो कापल्याला गड्डा दिला. म्हनले, ह्योच घाल. तिनं खलबत्त्यात घातला आन् कुटला, गल्लीभर ऐकू जाईल आसा. भाऊजी येऊन पाटावर बसले. एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"आलं लय झालंय वाईच," म्हनाले.

सून म्हनली, "तुमीच काढल्यालं हाय, मामा."

त्येंनी बशी खाली ठिवली. माज्याकडं बगून म्हनाले, "म्हंजी मी वाटोळं केलं?"

"मी तसं म्हनले न्हाई."

"मंग काय म्हनताय?"

"उरल्यालं आमी दोघी हातानं काढतो. तुमाला उसाचं काम आसंल."

"माजी अर्धी सावड बांधावर टाकून द्यायची? गावात काय म्हनतील?" त्येंचा आवाज चढला न्हवता. चढला आसता तर बरं झालं आसतं. उठताना म्हनाले, "उद्या सकाळी येतो. आन् दसऱ्याचं ठरल्यालं ध्यानात हाय नव्हं?"

म्हनले, हाय.

तवाच ल्योकाचा फोन आला. डोळ्याचं इचारलं, मंग आल्याचं इचारलं. "काका काय म्हनत्यात?" मी म्हनले, "काय न्हाई. सावड केली आमची." सून माज्याकडं बगत ऱ्हायली. फोन ठिवल्यावर म्हनली, "खरं का न्हाई सांगितलं?" तिथं बर्फात बसून त्यो काय करनार व्हता? चुलत्याशी फोनवर भांडला आसता, आन् मंग हातात बंदूक घिऊन त्येच इचार करत बसला आसता. म्हनले, "आपल्याच्यानं व्हतंय तवर त्येला कशाला."

दुसऱ्या दिशी तांबडं फुटायच्या आदी आमी सरीत. आदी बिनकापल्या वाफ्यास्नी हात घातला. मला दिसत न्हवतं म्हनून मी डाव्या हातानं बुडका चाचपायची, बोटानं गड्ड्याची कड हुडकायची, मंग उजव्या हातानं खुरपं त्येच्या बाहीरनं. लय सावकास काम. सून माज्या शेजारच्या सरीत. जरा टकाटक चालली व्हती, तर तिला म्हनले, "माज्या म्होरं जायाचं न्हाई."

ऊन वर आलं आन् टिलर आला. भाऊजींनी पट्टा बदलून आनल्याला. बांधावर हुबं ऱ्हाऊन दोरी वडली, यंत्र धडधडाय लागलं. आन् त्येंनी त्ये मी बसले त्याच सरीच्या तोंडाला लावलं.

"उठा वयनी. पायाला लागंल."

"ह्यो वाफा झाला की उठते."

"तुमचा वाफा हुस्तवर पाऊस यील. ह्ये दोन घटकंचं काम हाय."

मी खुरपं खुपसलं, माती उचलली, सोडली. म्होरं सरकले. तोंड टिलरकडं न्हाई केलं, पाठच दिली. त्येचा धूर मानंवर येत व्हता, तेलाचा वास. मला एकच भ्या व्हतं, ह्या तेलाच्या वासात माज्या खुरप्याचा वास मला कळायचा न्हाई. म्हनून आनि सावकास केलं. दिरानं यंत्र फुडं घेतलं न्हाई, पन बंद बी केलं न्हाई. सून पलीकडं हुबी ऱ्हायली व्हती, खुरपं हातात धरून. मी म्हनले, "तू का थांबलीस? तुला कुनी उठ म्हनलंय व्हय?" ती बसली.

वाफा झाला. मी उठले, आन् दुसऱ्या सरीत जाऊन बसले. टिलर जायाची वाट तीच.

"वयनी, उठते म्हनला व्हता."

"उठले की. परत बसले."

बांधापलीकडनं कोन तरी हसलं. भाऊजींनी वळून बगितलं, कोन व्हतं कुनाला ठावं. यंत्राची धडधड आनि वाईच चालली, मंग बंद झाली. येवढं गप झालं की सुनंच्या खुरप्याचा आवाज ऐकू याय लागला. भाऊजी म्हनाले, "बसा तुमी सासवासुना चिखलात. दसरा काय लय लांब न्हाई." टिलर ढकलत न्हेला.

मी त्येंच्याकडं बगितलं न्हाई. तेलाचा वास जाईस्तवर हात थांबवला, आन् परत खुरपं खुपसलं.

मंग पाऊस परत आला. डोस्क्यावर पोत्याची खोळ घिऊन, पाऊस थांबला की बसायचं, लागला की शेवग्याखाली जायाचं. चिखलात उटाळनी करू नये म्हनत्यात, खरं हाय त्ये, पन आमाला दुसरी येळ न्हवती. वरचा चिखल हातानं बाजूला करून खालच्या मातीला खुरपं लावायचं. एकदा सुनंचा हात चुकला. तिच्या आदी मला कळलं.

"वास आला का?" म्हनले.

"आला."

"मला बी आला. चल म्होरं."

कापल्याल्या वाफ्यांचं काय करायचं त्येच्यावर मातूर आमचं वाजलं. वरनं त्ये हिरवंच व्हतं, काय काय झाडं नुसती कलली व्हती. सून म्हनली, "आत्या, एवढं हिरवं कसं काढायचं? मी दुकानातनं औषिद आनलंय, वतू. जगंल." मी म्हनले, आख्खं काढायचं, आन् मधी चर मारायचा, त्या अंगाचं पानी ह्या अंगाला येऊ द्यायचं न्हाई.

"आन् नसतं सडलं तर?"

"तर आपन हातानं चांगलं पीक उपटलं आसं हुईल."

"तुमाला नक्की ठावं हाय का?"

नक्की ठावं न्हवतं. तसंच तिला सांगितलं. ती खुरप्याच्या दांड्याला टेकून उठली आन् पैलं झाड तिनंच उपटलं. आख्खा दिस आमी काढत व्हतो. कवळं आलं, बोटायेवढं, विकाय बी येत न्हाई. पाट्या भरून भरून दारात नेऊन वतलं, आन् गावाला सांगितलं घिऊन जावा. त्या आठवड्यात समद्या गावाच्या च्यात आमचं आलं व्हतं. भाऊजींच्या घरातनं कुनी न्याया आलं न्हाई. मी एका वाटीत धुऊन पाठवून दिलं. वाटी मोकळी परत आली. साखर बी न्हाई तिच्यात. आमच्यात मोकळी वाटी धाडत न्हाईत.

त्येच्यानंतर खरं भ्या सुरू झालं, कारन आता कराय काय उरलं न्हवतं. मातीची भर लावली, औषिद वतलं, चर रोज उकरून मोकळा ठिवला. बाकी नुसती वाट बगायची. चराच्या कडंच्या वाफ्यात एक झाड पिवळं पडलं. सुनंनं धरलं तर देठ अलगद हातात आला, खालनं नासक्या कांद्याचा वास. ती जागा आमी कोपरभर खोल काढली. मंग मी रोज सकाळी तिला इचारायची, "कुटं पिवळं हाय का?" ती म्हनायची, "न्हाई." परत दुपारी इचारायची, परत "न्हाई." तिचं न्हाई जरा लौकर यायला लागलं, मी इचारून हुयाच्या आत. तवा मला संशेव आला की ही माज्या जीवासाठी लबाड बोलतीया. पन मला पिवळं दिसत न्हाई, मंग तिला खोटी म्हनू कशावरनं? मी बोट घालून बगायची. बोट आता आख्खं जायाचं. बाहीर काढून वास घ्यायची. मातीचा.

पितरपाठ सरत आला. घट बसायच्या आदल्या दिशी आमी दोघी गवत काढत व्हतो. परड्याच्या तोंडाला कुनीतरी येऊन हुबं ऱ्हायलं. खोकल्यावरनं वळकलं मी. पायात चप्पल न्हवती, चिखलात पाय वाजला त्येच्यावरनं कळलं.

भाऊजी म्हनाले, "वयनी, घटाला माती न्हेतो म्हनतोय पाटीभर."

आमच्या भावकीचा घट त्येंच्या घरी बसतो. त्येला रानातली माती लागती, आन् ती आजपातुर त्ये त्येंच्या उसातनंच आनत व्हते. माजं खुरपं थांबलं.

सून म्हनली, "उसातली न्हाई व्हय चालत, मामा?"

"उसातली निस्ती ढेकळं हायत. मागल्या सालाला गहू नीट उगवलाच न्हाई, बगितलासा की तुमी." मंग वाईच थांबून म्हनाले, "न्हेऊ का नको?"

"घ्या," मी म्हनले. "त्या मोकळ्या वाफ्यातली घ्या."

मोकळा वाफा म्हंजी त्येंनी कापल्याला. त्येंस्नी त्ये कळलं. गेले तिकडं. हातात खोरं आनलं व्हतं, पन त्ये त्येंनी बाजूला ठिवलं, मला आवाज आला. खाली बसले. सुनंनं मला मागनं सांगितलं, हात घातला तर मनगटापातुर आत गेला, आन् तसाच ठिवून लय येळ बसले. मला फकस्त एवढं ऐकू आलं, "आत गार हाय." कुनाला म्हनाले, कुनास ठावं.

पाटी भरून निघाले तर सून वाटंतच हुबी. "मामा, दसऱ्याचं काय?"

"आता काय ऱ्हायलंय त्येचं?" त्येंनी पाटी कमरंवर घेतली. "हितली माती देवाला न्हेऊन परत हितं ऊस घालाय मी काय येडा हाय व्हय? करा तुमचं तुमी."

पाच-सा पावलं गेले, आन् थांबले.

"त्या हिरीकडच्या कोपऱ्यात एक झाड वाळल्यागत दिसतंय."

"दिसलंय आमाला," सून लगीच म्हनली.

"न्हाई, सांगितलं आपलं." गेले.

त्येंचा पाय वाजायचा बंद झाला, मंग मी इचारलं, "कवा दिसलं तुला?"

ती म्हनली, "सकाळी. सांगितलं आसतं तर तुमी जेवला नसता."

"हिरीकडचा कोपरा म्हंजी सड आतल्या अंगाला आली म्हनायची."

"व्हय."

"बरं," म्हनले. "हात दे."

तिनं हात दिला, आमी सरीसरीनं हिरीकडं गेलो. तिनं माजा हात न्हेऊन त्या झाडाच्या बुडक्यावर ठिवला. पात कागदावानी वाजत व्हती. मी खाली बसले, खुरपं बाजूला ठिवलं, आन् दोनी हातानं माती मोकळी करत गड्ड्यापातुर गेले. बोटं नाकाजवळ धरली.

नासका वास न्हवता. खोडात कीड पडल्याली, वरच्या वर वाळलं व्हतं. गड्डा हाताला टनक लागला, थंड. मी त्येच्यावर माती वडली आन् झाकला.

"काय हाय?" ती म्हनली.

"गड्डा चांगला हाय. दुसरी सरी धर."